हॉर्न: आधी तपासा, मग हलवा, मग बदला

आज आपण गाडीच्या हॉर्नबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर गॅरेजवाल्याचं काम, आपल्याला काय त्याचं? पण आता आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या दारात स्कूटी उभी आहे. कुणी गटाच्या कर्जातून घेतली, कुणी दुधाच्या पैशातून. जिची स्वतःची नाही, ती मालकांच्या नाहीतर मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजारला, बँकेत, दवाखान्यात जातेच. म्हणजे गाडीचा हॉर्न वाजतो की नाही, हा आपल्याही जिवाचा प्रश्न आहे.

आपला बेलापूरचा भाग उसाचा. भंडारदऱ्याच्या पाण्यावर प्रवरेचे कालवे निघाले, ऊस आला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना झाला, पुढे लोणीला सहकारी कारखाना झाला. आज एका बाजूला अशोकनगर, दुसऱ्या बाजूला प्रवरानगर. गाळप सुरू झालं की उन्हाळा लागेपर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, इंजिनाचा धडधडाट आणि वर टेपवर मोठ्यानं गाणी. चालकाला मागचं दिसत नाही, कारण आरसा उसानं झाकलेला. अशा वेळी मागून येणाऱ्या स्कूटीजवळ “मी इथे आहे” हे सांगायला हॉर्नशिवाय दुसरं काय असतं? आणि नेमका तोच “पीं” करून गप्प बसतो.

मग आपण काय करतो? दुकानात जातो आणि म्हणतो, “दादा, सगळ्यात मोठ्या आवाजाचा बसवा.” इथेच पैसे वाया जातात. पुष्कळदा जुना हॉर्न चांगलाच असतो. त्याच्यापर्यंत वीज नीट पोचत नसते, किंवा तो अशा जागी असतो की आवाज बाहेरच पडत नाही. म्हणून आज एवढा क्रम लक्षात ठेवायचा: आधी तपासा, मग हलवा, आणि तरी गरज असेल तरच बदला.

हॉर्न वाजतो कसा?

आपल्या गाड्यांना बहुतेक गोल चकतीचा हॉर्न असतो. आत पत्र्याची पातळ तबकडी आणि तिच्यामागे तारेचं वेटोळं. बटण दाबलं की वेटोळ्यातून वीज जाते, त्याचं लोहचुंबक होतं आणि ते तबकडीला ओढतं. तबकडी ओढली गेली की आतला एक जोड सुटतो, वीज तुटते आणि तबकडी परत जागेवर येते. आली की जोड पुन्हा जुळतो. हे एका सेकंदात साधारण चारशे ते पाचशे वेळा होतं. तबकडी अशी थरथरते, हवा हलते आणि आवाज निघतो.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, तबकडीला थरथरायला मोकळीक हवी. चिखल बसला, बाजूचा पत्रा टेकला, की आवाज दबतो. दोन, वेटोळ्याला पूर्ण दाबाची वीज हवी. बारा व्होल्टचा हॉर्न दहा व्होल्टवर चालवला, तर तो रडतच वाजणार.

पहिली पायरी: तपासा

गाडी चालू न करता, फक्त चावी फिरवून हॉर्न दाबा. मग गाडी चालू करून थोडा वेग देऊन दाबा. बंद गाडीवर आवाज मेलेला आणि चालू गाडीवर खणखणीत असेल, तर बॅटरी उतरलेली आहे असं समजा. बॅटरीवाल्याकडे मीटर असतो. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसतात, आणि गाडी चालू करून वेग दिला की साडेतेरा ते साडेचौदा. बॅटरीच गेली असेल तर हॉर्न बदलून काहीही होणार नाही.

बॅटरी ठीक असेल तर हॉर्नकडे या. पावसाळ्यानंतर तो एकदा काढून पाहिलाच पाहिजे. आपली काळी माती पुढच्या चाकावरून उडते आणि हॉर्नवर थर धरते. ओल्या फडक्यानं पुसा, जुन्या दातांच्या ब्रशनं घासा. पाण्याचा जोराचा फवारा मात्र त्याच्या तोंडात मारू नका.

हॉर्नला मागे दोन वायरी असतात. टोकं हिरवट-पांढरी झाली असतील तर पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा आणि घट्ट बसवा. हॉर्नच्या बटणाच्या आतही असाच मळ बसतो. फिटरकडून ते एकदा साफ करून घ्या.

आता सगळ्यात उपयोगाची तपासणी. हॉर्नच्या दोन्ही वायरी काढायला लावा आणि दुसऱ्या दोन वायरींनी तो सरळ बॅटरीला क्षणभर जोडून वाजवायला सांगा. तिथे जोरात वाजला तर हॉर्न चांगला आहे, दोष वाटेतल्या वायरीत, बटणात नाहीतर अर्थिंगमध्ये आहे. तिथेही घोगराच वाजला तर हॉर्न म्हातारा झाला. पाच मिनिटांचं काम आहे. ते केल्याशिवाय नवीन हॉर्नचे पैसे काढू नका.

काही हॉर्नच्या मागे एक बारीक स्क्रू असतो. तो किंचित, म्हणजे पाव फेऱ्याहूनही कमी, इकडे-तिकडे फिरवला की आवाज मोकळा होतो. जास्त फिरवला तर हॉर्न बंदच पडतो. म्हणून ते काम जाणत्या हातानंच होऊ द्या.

दुसरी पायरी: जागा बदला

हॉर्न साफ आहे, वीज पोचते आहे, तरी समोरच्याला ऐकू जात नाही. मग जागा पाहायची. मोटारसायकलला तो बऱ्याचदा हेडलाइटच्या खाली किंवा इंजिनासमोर फ्रेमच्या दांड्यावर असतो. स्कूटीला पुढच्या प्लास्टिकच्या आत असतो. नंतर आपण लेगगार्ड लावतो, पुढे पिशवी अडकवतो, कुणी जाळीची डिक्की बसवतं, आणि हॉर्नच्या तोंडासमोर भिंत उभी राहते. बारीक, टोकदार आवाज अशा आडोशाला लगेच अडतो.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं कमी होतो. डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप. उलट बाजूनं बघा: आडोसा काढून सहा डेसिबल वाचवले, तर तोच हॉर्न दुप्पट लांबून ऐकू येईल. म्हणजे वीस पावलांवर ऐकू येणारा चाळीस पावलांवर. तेही एक पैसा जास्त न घालता. बहुतेक खर्च पान्याचाच.

नवीन जागा निवडताना या गोष्टी बघा:

हॉर्नचं तोंड पुढे आणि किंचित खाली झुकलेलं असावं. वर तोंड करून बसवला तर पावसाचं पाणी आत साचतं.

पुढच्या चाकाचा चिखल थेट उडेल अशा रेषेत तो नसावा. फ्रेमच्या दांड्याला, थोड्या वरच्या अंगाला, बाजूनं पुढे काढलेली जागा चांगली.

इंजिनाला वाऱ्यानं थंडावा मिळतो. त्या वाऱ्याच्या वाटेत मोठा हॉर्न आडवा लावू नये. सायलेन्सरच्या नळीजवळही नको, उष्णतेनं वायर वितळते.

हॉर्न ज्या पातळ पोलादी पट्टीवर येतो ती पट्टी फेकू नका. ती थोडी लवचिक असते आणि हॉर्नला थरथरायला जागा देते. जाड अँगलवर आवळून बसवलेला हॉर्न चिरका वाजतो आणि लवकर बिघडतो. हॉर्नचा कुठलाही भाग पत्र्याला किंवा प्लास्टिकला टेकलेला नसावा. मध्ये बोट फिरेल एवढी जागा हवी.

बसवून झालं की हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. वायर ताणली जाते का? हँडलमध्ये अडकते का? मग दोघींनी गाडीवर बसून पुढचा ब्रेक धरा आणि गाडी खाली दाबा. मडगार्ड वर येऊन हॉर्नला लागतं का? या दोन तपासण्या झाल्याशिवाय गॅरेजमधून निघायचं नाही. वळणावर हँडल अडकणं हे हॉर्न न वाजण्यापेक्षा फार वाईट.

स्कूटीवाल्या ताईंनी पुढचं प्लास्टिक कापू देऊ नये. आत जिथे फट किंवा जाळी आहे, तिच्यामागे हॉर्नचं तोंड आणता येतं का, एवढंच बघावं.

तिसरी पायरी: बदला

दोन्ही पायऱ्या झाल्या आणि तरी रोज उसाच्या रस्त्यानं, हायवेनं जायचं आहे, आवाज अपुरा वाटतो आहे. मग नवीन हॉर्न घ्यायला हरकत नाही. बाजारात एक घोगरा आणि एक बारीक, अशी जोडी मिळते. घोगरा सुमारे चारशे कंपनांचा, बारीक सुमारे पाचशेचा. दोन्ही एकत्र वाजले की आवाज भरदार वाटतो आणि ट्रॅक्टरच्या धडधडीत वेगळा ओळखू येतो. जोडीचा खरा फायदा हाच.

पण दोन हॉर्न म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. लग्नाच्या वरातीत एक ढोल वाजतोय, त्यात तसाच दुसरा मिळाला, तर फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा ढोल लागतात. म्हणून आधी म्हटलं, आडोसा काढून जे मिळतं ते दुसरा हॉर्न घेऊनही मिळेलच असं नाही.

आता विजेचा हिशोब. गाडीचा मूळ हॉर्न साधारण दोन-तीन अँपिअर वीज घेतो. मोठी जोडी सात-आठ अँपिअरपर्यंत घेऊ शकते. बारा व्होल्टला आठ अँपिअर म्हणजे 96 वॅट. आपल्या कित्येक गाड्यांचा हेडलाइटचा बल्ब 35 वॅटचा असतो. म्हणजे बटण दाबलं की जवळजवळ तीन हेडलाइट एकदम लावल्यासारखं झालं. मूळ वायर आणि हॉर्नचं बटण एवढ्या विजेसाठी बनवलेलं नसतं. बटण जळतं, वायर तापते, नाहीतर फ्यूज उडतो. आणि गाडीला एकच मुख्य फ्यूज असेल, तर अंधारात, रानातल्या रस्त्यावर हेडलाइटही जाऊ शकतो.

म्हणून मोठा हॉर्न लावताना रिले लावायचाच. रिले म्हणजे काय? आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. आपण छोटं बटण दाबतो आणि आतला मोठा जोड मोटारीला वीज देतो. रिलेचं काम तसंच. हॉर्नच्या बटणातून अगदी थोडी वीज रिलेला जाते, आणि रिले बॅटरीतून जाड वायरनं हॉर्नला वीज सोडतो.

रिलेच्या खाली चार पाय असतात, त्यांवर आकडे लिहिलेले असतात: 30, 87, 85 आणि 86. जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसपासून निघालेली जाड वायर फ्यूजमधून 30 ला. 87 पासून हॉर्नला. हॉर्नचं दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला किंवा रंग खरवडलेल्या फ्रेमला. आणि जुन्या हॉर्नला ज्या दोन वायरी येत होत्या, त्या 85 आणि 86 ला. काही गाड्यांत बटण प्लसच्या बाजूला असतं, काहींत अर्थिंगच्या. जुन्या दोन्ही वायरी अशा लावल्या की दोन्ही प्रकारांत साधा रिले चालतो.

हा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असला पाहिजे. वायर मध्येच घासून पत्र्याला लागली, तर फ्यूज उडेल आणि गाडी वाचेल. फ्यूज लांब हॉर्नजवळ लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहिली. आठ अँपिअरच्या जोडीला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 15 अँपिअरचा फ्यूज पुरतो. काम सुरू करताना बॅटरीची मायनस वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची.

गाडीची मूळ वायरिंग कापू देऊ नका. जुन्या वायरींच्या टोकांना बसणारे क्लिप मिळतात, ते वापरायला सांगा. उद्या काही बिघडलं तर जुना हॉर्न दोन मिनिटांत परत लावता येतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारा. बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर मोठा हॉर्न मनानं लावूच नका. तिच्यात बारा व्होल्टची वीज वेगळ्या यंत्रातून मोजून येते, जास्त ओढली की इतर गोष्टी बंद पडू शकतात.

आणि बॅटरीही विसरू नका. आपल्या लहान गाड्यांना बऱ्याचदा तीन ते पाच अँपिअर-तासाची छोटी बॅटरी असते. गाडी बंद ठेवून हॉर्न वाजवत बसलं, तर सकाळी बटणानं गाडी चालू होणार नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 119 प्रमाणे हॉर्न भारतीय मानक आयएस 1884 नुसार असायला हवा. (1884 हे साल नाही, मानकाचा क्रमांक आहे.) एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा, कर्कश किंवा घाबरवणारा हॉर्न चालत नाही. म्हणजे ट्रकचा प्रेशर हॉर्न, गाण्याचा हॉर्न, कुत्र्याच्या भुंकण्याचा किंवा रुग्णवाहिकेसारखा आवाज, हे सगळं बेकायदा. दुकानात मिळतो म्हणून तो चालतो असं नाही. खोक्यावर कंपनीचं नाव, व्होल्ट, अँपिअर आणि मानक वाचून, पावती घेऊनच हॉर्न घ्या.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 194 एफ आलं. विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला, किंवा मनाईची पाटी असताना वाजवला, तर पहिल्या वेळी एक हजार आणि नंतर दोन हजार रुपये दंड त्यात सांगितला आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून ठरवता येतो. तिथे, आणि वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा, आणीबाणी सोडून हॉर्न वाजवायचा नाही. रात्री डिपर द्या, तो लांबून दिसतो आणि कुणाचं तान्हं बाळ उठत नाही.

2020 च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी एक प्रयोग लोकांसमोर आणला होता. सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलं. लाल दिव्यावर थांबलेल्यांच्या हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न वाजवाल, तितकं थांबाल! लोक हसले, पण मुद्दा कळला. सगळेच वाजवायला लागले की कुणाचाच ऐकू येत नाही.

वाजवायचा कधी?

आपल्या दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर फाटकाच्या अलीकडे रुळाशेजारी “सी/फा” लिहिलेली पिवळी पाटी असते. म्हणजे “सीटी बजाओ, फाटक”. इंजिनचालक तिथे शिट्टी देतोच. सगळ्या वाटेनं देत नाही, पण जिथे द्यायची तिथे चुकवत नाही. आपणही आपल्या रोजच्या रस्त्यावर अशा जागा मनात ठरवून ठेवाव्यात: उसाच्या फडामागचं आंधळं वळण, वस्तीवरून येणारी वाट डांबरी रस्त्याला मिळते ती जागा, अरुंद पूल.

ताशी 40 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. समोरच्याला ऐकून, समजून, पाय ब्रेकवर न्यायला दीड-दोन सेकंद लागले, तर तेवढ्यात आपण वीस मीटर पुढे गेलेलो असतो. म्हणून हॉर्न वळणात शिरल्यावर नाही, वळणाच्या तीस-चाळीस मीटर आधी द्यायचा, आणि वेग त्याच वेळी कमी करायचा. उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकताना हॉर्न देऊन चालकाचं उत्तर येईपर्यंत मागेच थांबा. त्यानं हात केला किंवा गाडी बाजूला घेतली, तरच पुढे जा. त्यानं ऐकलं नसेल तर मागे राहण्यात कमीपणा नाही. भरलेल्या दोन ट्रॉल्या हॉर्ननं थांबत नाहीत.

बैठकीत करून पाहा

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती घेऊन या. शाळा-दवाखान्यापासून लांब, मोकळ्या रस्त्याच्या कडेला, दिवसा एक गाडी उभी करा. एकीनं पाठ करून तिच्यापासून दूर चालत जायचं. गाडीवालीनं दर दहा पावलांनी एकदाच, छोटा हॉर्न द्यायचा. चालणारीनं ऐकू आलं की हात वर करायचा. हात वर होईनासा झाला की पावलं वहीत लिहा. जमलं तर शेजारी कुणाचा ट्रॅक्टर चालू ठेवून हेच करा. मग हॉर्न साफ करून, आडोसा काढून पुन्हा मोजा. कुणाच्या गाडीला नुसतं फडकं पुरलं, कुणाला जागा बदलावी लागली आणि कुणाला खरंच नवीन हॉर्न हवा, हे तिथल्या तिथे कळेल.

आणि गॅरेजला जाल तेव्हा “आवाज मोठा करा” एवढंच म्हणू नका. म्हणा, “दादा, आधी हॉर्न डायरेक्ट बॅटरीला लावून दाखवा. रिले लावणार का? फ्यूज कुठे बसवणार? मूळ वायर कापू नका.” असं विचारणाऱ्या बाईला कुणी नको ती वस्तू गळ्यात मारत नाही. जपून जा, जपून या.